खोडदची रेडिओ दुर्बीण आणि चाकणचा औद्योगिक पट्टा : स्थानिक अर्थकारणाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
पुणे-नाशिक महामार्गावर भोसरी, मोशी व चाकण मागे टाकून राजगुरुनगर, मंचरमार्गे पुढे गेले की नारायणगाव लागते. तेथून पूर्वेस जुन्नर तालुक्यातील खोडद येथे 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप' अर्थात जीएमआरटी ही वेधशाळा आहे. एकाच महामार्गाच्या एका टोकास कारखानदारी वाढली, तर दुसऱ्या बाजूस तिच्या वाढीस मर्यादा आल्या. या दोहोंचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

स्थाननिवडीमागील कारणे :
पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यानंतर पिंपरी-चिंचवड परिसरात अभियांत्रिकी व वाहन उद्योगांचे जाळे विणले गेले. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेल्या दुर्बिणीच्या प्रकल्पास १९८७ मध्ये मान्यता मिळाली. जागा निवडताना मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असणे जितके महत्त्वाचे मानले गेले, तितकेच पुण्यातील उद्योग, शिक्षणसंस्था व दळणवळण हाताशी असणेही. म्हणजेच वेधशाळेस औद्योगिक पट्टा जवळ हवा होता, परंतु फार जवळ नको होता. पुढील साऱ्या प्रश्नांचे मूळ या दुहेरी गरजेत आहे.

उभारणी आणि शेती :
प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांपैकी १४ खोडदजवळ सुमारे एक चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात असून उर्वरित १६ इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकारात सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. भरीव पत्र्याऐवजी तारांची ताणलेली जाळी वापरल्यामुळे वजन व खर्च दोन्ही घटले. ४ ऑक्टोबर २००१ रोजी उद्योगपती रतन टाटा यांच्या हस्ते ही दुर्बीण राष्ट्रास अर्पण करण्यात आली. अँटेना विखुरलेल्या असल्याने त्यांच्या अवतीभवती शेती चालूच राहिली. येडगाव, माणिकडोह, वडज या कुकडी प्रकल्पातील धरणांच्या पाण्यावर द्राक्षे व टोमॅटोची शेती येथे बहरली आहे आणि नारायणगावची टोमॅटो बाजारपेठ सर्वत्र परिचित आहे. तालुक्याच्या अर्थकारणाचा कणा वेधशाळा नसून पाणी आहे, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

शांततेची किंमत :
विश्वातून येणारे रेडिओ संकेत अत्यंत क्षीण असतात. वीजवाहिन्यांवरील ठिणग्या, वेल्डिंग, मोटारी व बिनतारी संदेशवहन यांमुळे ते झाकोळले जातात. त्यामुळे परिसरातील नव्या उद्योगांस वेधशाळेची संमती आवश्यक ठरते. २००९ नंतर फोक्सवॅगन, महिंद्र यांसारख्या कंपन्यांचे प्रकल्प चाकणला आले आणि जुन्नरचे तरुण रोजगारासाठी त्याच दिशेने जाऊ लागले. पुणे-नाशिक अर्धद्रुतगती रेल्वेचा आखलेला मार्ग वेधशाळेच्या परिसरातून जात असल्याने तो बदलण्याची भूमिका रेल्वे मंत्रालयाने घेतली, तेव्हा हा प्रश्न अधिक तीव्र झाला. तथापि, तालुक्यात मोठे उद्योग नसण्याचे खापर केवळ दुर्बिणीवर फोडणे इतिहासास धरून होणार नाही. पुण्याची जवळीक चाकणला लाभली होती, तर बागायती जमीन उद्योगांस देण्याचे प्रयोजन जुन्नरच्या शेतकऱ्यास तुलनेने कमी होते.

अन्य देशांतील अनुभव :
अमेरिकेत ग्रीन बँक येथील वेधशाळेभोवती १९५८ मध्ये राष्ट्रीय रेडिओ शांतता क्षेत्र निर्माण झाले. दक्षिण आफ्रिकेने २००७ मध्ये खगोलनिरीक्षणास अनुकूल प्रदेशांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. हे प्रदेश प्रामुख्याने विरळ वस्तीचे आहेत. दाट लोकवस्तीच्या, बागायती जुन्नरमध्ये तेच बंधन अधिक कुटुंबांना स्पर्श करते.

समारोप :
जीएमआरटीला २०२० मध्ये 'आयईईई माइलस्टोन' हा सन्मान लाभला. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त भरणाऱ्या प्रदर्शनास ग्रामीण विद्यार्थ्यांची गर्दी होते. ज्ञानाचा हा लाभ साऱ्या जगाचा आहे. शांततेचा भार मात्र एका तालुक्यावर पडतो. फळप्रक्रिया, शीतगृहे व विज्ञान पर्यटन यांना, रेडिओ गोंगाट नियंत्रणात ठेवण्याच्या अटीवर, शासनाने विशेष साहाय्य दिल्यास हा भार हलका होऊ शकेल. वेधशाळा की विकास असा पर्याय मांडण्याऐवजी, राष्ट्रासाठी सोसलेल्या मर्यादेची भरपाई कोणी व कशी करावी, हा प्रश्न विचारणे अधिक न्याय्य ठरेल.