राजाची मोटार, आपली एसटी
जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात राजेरजवाड्यांच्या गाड्या चकचकीत पुसून मांडतात. बघायला मजा येते. पण आपल्या बायाबापड्यांची गाडी म्हणजे एसटी. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी पुणे आणि तेव्हाचं अहमदनगर यांच्यादरम्यान धावली. लाकडी सांगाडा, ३० आसनं. पुढे एसटी कोकणातही आली. मालगुंडची माहेरवाशीण, रत्नागिरीच्या बाजाराला निघालेली मासळीवाली, दवाखान्यात जाणारी गरोदर बाई, सगळ्यांना तिनं नेलं. राजाची मोटार जपली गेली. जुन्या एसट्या बहुतेक भंगारात गेल्या. उरल्या आठवणी. त्याही जातील. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीला घरातल्या म्हातारीला घेऊन या. विचारा, "आजी, एसटीत पहिल्यांदा कधी बसलीस? कुठं गेलीस?" सांगेल ते वहीत लिहून ठेवा. तोही इतिहासच आहे.