पेटीवर पहारा कुणाचा?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

माझे एक चुलते प्राथमिक शिक्षक होते. निवडणूक आली की त्यांच्या नावाने ‘ऑर्डर’ यायची आणि घरात लगबग सुरू व्हायची. वळकटी, कंदील, दोन दिवसांच्या भाकऱ्या आणि चटणी. मतदान केंद्र कुठे तरी खाडीपलीकडे असायचे. तेव्हा आपल्या खाड्यांवर आजच्यासारखे पूल नव्हते. तरीतून पलीकडे जायचे, मग चढण चढून शाळा गाठायची. काकांबरोबर एक पोलीस शिपाई असे. रात्री जांभ्या दगडाच्या शाळेत काका पेट्यांच्या एका बाजूला आणि शिपाई दुसऱ्या बाजूला झोपत. काका सांगत, ‘झोप कसली येते! पेटीला काही झाले तर नोकरी जायची.’

लहानपणी मी त्यांना विचारले होते, ‘काका, हा पोलीस कुणाचा?’ ते म्हणाले, ‘सरकारचा.’ ‘आणि निवडणूक कुणाच्या विरुद्ध?’ काका हसले आणि म्हणाले, ‘तीही सरकारच्याच विरुद्ध.’ आजचा विषय त्या उत्तरातच आहे. निवडणुकीत सत्ताधारी पक्ष स्वतः उमेदवार असतो आणि मतपेटीवर पहारा देणारा पोलीसही त्याच सरकारच्या पगारावर असतो. मग त्या पहाऱ्यावर पहारा कुणाचा?

हा प्रश्न घटना समितीपुढे १५ आणि १६ जून १९४९ या दोन दिवशी आला. निवडणूक आयोगाचे कलम मांडायला उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बाबासाहेबांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, आणि त्यांच्या बालपणीचा काही काळ दापोलीत गेला, हे आपल्या जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. पण त्या कलमाच्या मागे कोकणातला आणखी एक अनुभव उभा होता, असे मला वाटते. तो म्हणजे खोती.

रत्नागिरी जिल्ह्यात खोत हा नुसता सारा वसूल करणारा नव्हता. कुळाचे घर, शेत, गुरांचा चारा हे सारे त्याच्या मर्जीवर असे. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातली कुळे मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेली. त्या काळी मताचा अधिकार मालमत्ता आणि शिक्षण यांवर ठरत असे, त्यामुळे बहुतेक कुळांना मतच नव्हते. पण उद्या सर्वांना मत मिळाले, तरी ज्याच्या ओटीवर उभे राहायचे त्याच्याविरुद्ध मत देण्याची हिंमत कुळाने कुठून आणायची? मतदाराची सुरक्षितता म्हणजे बंदूकधारी शिपाई एवढाच अर्थ नाही. आपण कुणाला मत दिले हे कुणाला कळणार नाही आणि कळले तरी कुणी वाकडे करू शकणार नाही, हा भरवसा म्हणजे खरी सुरक्षितता.

घटना समितीत सुरुवातीची कल्पना अशी होती की केंद्रासाठी वेगळा आणि प्रांतांसाठी वेगवेगळे आयोग असावेत. बाबासाहेबांनी ती बदलली आणि देशभरासाठी एकच आयोग सुचवला. कारण त्यांनी स्पष्टच सांगितले. काही प्रांतांतली सरकारे आपल्या वंशाच्या, संस्कृतीच्या किंवा भाषेच्या नसलेल्या लोकांना मतदार यादीतून वगळत असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. सरकारच्या हातात निवडणूक ठेवली तर काय होते, याचा हा नमुना होता.

मग पुढचा प्रश्न आला. आयोगाला माणसे कुठून द्यायची? स्वतःचे कायमचे मोठे नोकरदळ द्यायचे नाही, असे ठरले. आयोगाला कधी खूप काम असते आणि कधी काहीच नसते, तेव्हा दुहेरी यंत्रणेचा खर्च कशाला, हा त्यामागचा साधा हिशेब. म्हणून घटनेच्या ३२४व्या कलमात तरतूद झाली, की आयोगाने मागणी करताच राष्ट्रपती किंवा राज्यपाल यांनी लागतील तेवढे कर्मचारी उपलब्ध करून द्यावेत. काकांना आलेली ‘ऑर्डर’ याच तरतुदीतून निघालेली. शिक्षक झेडपीचा, शिपाई गृहखात्याचा, गाडी एसटीची, पण चार दिवस सगळे आयोगाचे. उसन्या माणसांवर उभी असलेली जगातली सर्वांत मोठी निवडणूक!

त्या चर्चेत शिब्बनलाल सक्सेना यांनी एक सूचना केली. मुख्य निवडणूक आयुक्ताच्या नेमणुकीला संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत दोन तृतीयांश बहुमताने मान्यता घ्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. हृदयनाथ कुंझरू यांनीही सरकारच्या हातात जास्त अधिकार जात असल्याची काळजी बोलून दाखवली. बाबासाहेबांनी ती काळजी झटकून टाकली नाही. आयुक्ताला पदावरून काढणे अवघड केले, तरी मुळात एखाद्या मूर्खाची, लबाडाची किंवा सरकारच्या मुठीतल्या माणसाची नेमणूक होणारच नाही, अशी सोय या कलमात नाही, हे त्यांनी कबूल केले. अखेर नेमणुकीची रीत संसद कायद्याने ठरवील, असा मार्ग निघाला. तो कायदा व्हायला २०२३ साल उजाडले. त्या वर्षी मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि डिसेंबरमध्ये संसदेने कायदा केला. पंतप्रधान, त्यांनी नेमलेले एक केंद्रीय मंत्री आणि लोकसभेतले विरोधी पक्षनेते अशी तिघांची समिती आता नावाची शिफारस करते. तिघांत सरकारचे दोन, म्हणून त्यावर वादही झाला. १९४९ मधली चर्चा अजून मिटलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

या व्यवस्थेची पहिली खरी कसोटी आपल्याकडे लागली ती १९५७ साली. त्याआधी दीड वर्ष महाराष्ट्र पेटला होता. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत पोलिसांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर उतरलेल्या लोकांवर गोळीबार केला. मुंबईच्या गिरणगावात घरोघर कोकणातला माणूस. त्यामुळे रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाड्यावाड्यांत ती बातमी घरचीच बातमी होती. आणि १९५७ मध्ये ज्या पेटीत लोकांनी आपला राग टाकायचा होता, त्या पेटीवर पहारा त्याच राज्याच्या पोलिसांचा होता.

त्या वेळी मतदानाची पद्धत आजच्यापेक्षा वेगळी होती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह. मतदाराने आडोशाला जाऊन आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. लिहिता न येणाऱ्यांना हे सोपे, पण त्यात धोकेही होते. चिठ्ठी न टाकता खिशात घालून बाहेर नेली तर? मग पुढे एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत आली आणि १९६२ पासून ती देशात बहुतेक ठिकाणी सुरू झाली.

१९५७ चा निकाल आपण जाणतोच. राजापूरमधून बॅ. नाथ पै निवडून आले, रत्नागिरीतून जनसंघाचे प्रेमजीभाई आसर निवडून आले. दोन्ही जागा विरोधकांच्या. ज्या सरकारविरुद्ध लोक चिडले होते, त्याच सरकारच्या शिक्षकांनी मते मोजली, त्याच सरकारच्या शिपायांनी पेट्या राखल्या, आणि सरकार पक्षाचा पराभव नोंदवून ते घरी गेले. माझ्या मते, लोकशाहीची ही मोठी घटना आहे, पण ती इतकी शांतपणे घडली की कुणी तिचा उत्सव केला नाही.

सगळीकडे असे घडले नाही. त्याच १९५७ च्या निवडणुकीत बिहारमधल्या बेगुसराय भागात मतदान केंद्र बळकावण्याचा पहिला गाजलेला प्रकार झाला. पुढच्या तीस वर्षांत हा रोग पसरला. आयोग पुन्हा मतदान घेई, पण कायद्यात ‘केंद्र बळकावणे’ हा शब्दसुद्धा नव्हता. तो आणला संसदेने. डिसेंबर १९८८ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १९८९ मध्ये ती अमलात आली. त्या लोकसभेत आपल्या राजापूरचे प्रतिनिधी प्रा. मधु दंडवते होते. या दुरुस्तीने तीन गोष्टी केल्या. केंद्र बळकावणे हा गुन्हा ठरला आणि त्यात सरकारी नोकर सामील असेल तर त्याला इतरांपेक्षा जास्त शिक्षा ठेवली. मतदान यंत्रांना कायद्याचा आधार मिळाला. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे निवडणुकीच्या काळात कामावर असलेले अधिकारी आणि पोलीस हे आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहेत असे मानले जाईल आणि ते आयोगाच्या नियंत्रणाखाली व शिस्तीखाली राहतील.

वाक्य छान होते. पण ‘शिस्तीखाली’ म्हणजे काय? चुकलेल्या अधिकाऱ्याला निलंबित कोण करणार, आयोग की त्याचे मूळ खाते? कायद्याने हे उघड करून सांगितले नव्हते. त्यात केंद्रीय दले कुठे आणि किती पाठवायची यावरूनही वाद पेटला. २ ऑगस्ट १९९३ रोजी टी. एन. शेषन यांनी आदेश काढला, की आयोगाचे हे अधिकार सरकार मान्य करीत नाही तोवर देशातल्या निवडणुका थांबतील. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. शिस्तभंगाच्या अधिकारांवर आयोग आणि केंद्र सरकार यांच्यात समझोता झाला तो २००० साली. सभागृहाने कायदा करताना जो प्रश्न विचारायला हवा होता, त्याचे उत्तर मिळायला अकरा वर्षे लागली आणि तेही न्यायालयातून.

म्हणून मला वाटते की निवडणूक सुरक्षेवर सभागृहाने लक्ष ठेवायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे आपण मतदारांनीही समजून घ्यावे. निवडणूक सुरू झाली की आयोगाच्या कामात आमदार-खासदारांनी हात घालायचा नाही, आणि ते योग्यच आहे. ते स्वतः उमेदवार असतात. शिवाय निवडणूक लागते तेव्हा ते सभागृह बहुधा विसर्जित झालेले असते किंवा त्याची अधिवेशने संपलेली असतात. ऐन परीक्षेच्या वेळी परीक्षक वर्गात नसतो! म्हणजे प्रश्न विचारायचे ते आधी किंवा नंतर.

आधी विचारायला जागा आहे. लोकसभेच्या निवडणुकीचा बराचसा खर्च केंद्र करते, पण कायदा-सुव्यवस्थेचा खर्च राज्याला उचलावा लागतो. तो गृहखात्याच्या मागण्यांतून विधानसभेपुढे येतो. रत्नागिरीच्या आमदाराला तिथे विचारता येते, की संवेदनशील केंद्रे कोणत्या कसोटीवर ठरवली, किती होमगार्ड दिले, किनाऱ्यावरच्या गस्तीची माणसे काढून तर घेतली नाहीत ना? माणसे अखेर मोजकीच असतात. २००९ मध्ये मुंबईवरच्या हल्ल्यानंतर काही महिन्यांतच निवडणुका आल्या. सुरक्षा दले त्यात गुंतल्यामुळे आयपीएलचे क्रिकेट सामने दक्षिण आफ्रिकेत न्यावे लागले. एकीकडे दिलेला शिपाई दुसरीकडून कमी होतो, हे गणित सभागृहात मांडायलाच हवे.

नंतर विचारायलाही जागा आहे. निवडणुकीचे नियम केंद्र सरकार आयोगाशी विचारविनिमय करून बनवते, पण ते दोन्ही सभागृहांपुढे तीस दिवस ठेवावे लागतात आणि संसद त्यांत बदल करू शकते. डिसेंबर २०२४ मध्ये असाच एक नियम बदलला आणि मतदान केंद्रातल्या कॅमेऱ्यांच्या चित्रीकरणासारख्या नोंदी लोकांना पाहायला मिळण्यावर मर्यादा आली. मतदाराची गुप्तता जपायची की पारदर्शकता, हा खरा पेच आहे. त्याचे उत्तर काहीही असो, त्यावर बोलण्याचे पहिले ठिकाण सभागृह आहे. पटलावर ठेवलेला कागद कुणी उघडलाच नाही, तर तो कायद्याचा दोष नव्हे.

पालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुकांत तर ही जबाबदारी आणखी जवळ येते. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर त्या राज्य निवडणूक आयोगाकडे आल्या. तिथला कायदा विधानसभेचा, पोलीसही राज्याचेच. गावच्या निवडणुकीत उमेदवार आणि मतदार एकाच पाणवठ्यावर भेटतात. जुन्या खोताची ओटी गेली, पण ओटीवरचा दबाव पुरता गेला आहे का, हे ज्याचे त्याने आपल्या गावापुरते तपासावे.

काका निवृत्त झाले आणि गेलेही. पण एक गोष्ट ते अभिमानाने सांगत. मतमोजणीच्या ठिकाणी पेटी सोपवून पावती घेतली, की बरोबरचा शिपाई त्यांना म्हणायचा, ‘मास्तर, सुटलो.’ ते दोघे सुटत, कारण त्यांची जबाबदारी पावतीने संपत असे. आपली आणि आपण निवडून दिलेल्या माणसांची मात्र तिथूनच सुरू होते.