घडवंची

घडवंची म्हणजे पिण्याच्या पाण्याची भांडी जमिनीपासून उंच ठेवण्यासाठी केलेली लाकडी, बांबूची किंवा लोखंडी मांडणी. एक-दोन माठ ठेवण्याच्या बैठ्या घडवंचीप्रमाणेच एकावर एक तीन किंवा चार मडकी बसवून पाणी गाळण्यासाठी केलेली उंच घडवंचीही असते. प्रस्तुत लेखात मुख्यतः या दुसऱ्या, घरी तयार करता येणाऱ्या प्रकाराची माहिती दिली आहे.

== शब्द व जुने उल्लेख ==
घट (घडा) आणि मंच या दोन शब्दांपासून घडवंची हा शब्द बनला आहे. आज शहरांत माळ्यावरचे सामान काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पायऱ्यांच्या घोडीलाही घडवंची म्हणतात. मूळ अर्थ त्यामुळे मागे पडला आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ४५व्या अध्यायात पाण्याचा विचार आला आहे. तेथे पाणी ठेवण्याची पाच साधने सांगितली आहेत : फलक (फळी), त्र्यष्टक (तिवईसारखी बैठक), मुंजवलय (मुंज गवताचे कडे, म्हणजे आपली चुंबळ), उदकमंचिका आणि शिक्य (शिंके). यांतील उदकमंचिका ही अर्थाने घडवंचीच होय. त्याच ठिकाणी पाणी स्वच्छ करणाऱ्या सात वस्तूंत कतक, म्हणजे निवळीचे बी, आणि वस्त्र यांचा समावेश आहे. पाणी कशात ठेवावे याइतकेच ते कशावर ठेवावे यालाही त्या ग्रंथकाराने महत्त्व दिले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

== रचना ==
तीन मडक्यांच्या गाळण्यात वरच्या मडक्यात कच्चे पाणी, मधल्यात वाळू व कोळसा आणि खालच्यात गाळलेले पाणी असते. चार मडकी असल्यास वाळू व कोळसा वेगवेगळे ठेवतात; कोळसा बदलताना वाळू उपसावी लागत नसल्याने ही मांडणी अधिक सोयीची आहे. दिसायला हे सारे उतरंडीसारखे असले तरी उतरंडीत वरच्या मडक्याचा भार खालच्यावर येतो, तर घडवंचीत प्रत्येक मडक्याला स्वतःची फळी असते.

घडवंची किती मजबूत हवी हे भारावरून ठरते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, तर एक लिटर कोरड्या वाळूचे सुमारे दीड किलो. वरच्या व खालच्या मडक्यांत प्रत्येकी १२ लिटर पाणी आणि मधल्यात १० लिटर भिजलेली वाळू धरली, तर मडक्यांच्या वजनासह एकूण भार ५० किलोंच्या पुढे जातो. शिवाय सकाळी वरचे मडके भरलेले आणि खालचे रिकामे असते, म्हणजे सर्वाधिक भार सर्वांत उंच ठिकाणी असतो. घडवंची कलंडते ती अशा वेळी. आणि मडक्याच्या तोटीशी पाणी घ्यायला बहुधा लहान मूल गेलेले असते. यासाठी खांब खालच्या बाजूस थोडे फाकवावेत, दोन बाजूंना तिरप्या पट्ट्या ठोकाव्यात आणि वरची आडवी पट्टी भिंतीला बांधावी. तीन पायांची तिवई उंचसखल जमिनीवर डुगडुगत नाही, हा तिचा गुण आहे. पण बाजूने धक्का लागल्यास ती चार पायांच्या घडवंचीपेक्षा लवकर उलटते. म्हणून तिवई एका माठापुरतीच ठीक.

फळी अखंड नसावी. पट्ट्यांमध्ये फट ठेवल्यास माठाच्या बुडाला वारा लागतो, पाझरलेले पाणी साचत नाही आणि लाकूडही कमी कुजते. वरच्या मडक्याचे छिद्र खालच्याच्या तोंडावर नेमके येईल अशी जागा आधी आखून घ्यावी. दोन मडक्यांत चार बोटे अंतर असले की हात घालून झाकण काढता येते. याहून अधिक ठेवल्यास थेंब उडतात आणि धूळ शिरते. पायांखाली सपाट दगड ठेवल्यास ओल व वाळवी यांपासून लाकूड वाचते.

== गाळण कशी होते ==
मधल्या मडक्याच्या छिद्रात काथ्याचा बोळा बसवून त्यावर खडे, मग भरड वाळू आणि वर बारीक वाळू असे थर देतात. वाळू व कोळसा आधी पाणी नितळ येईपर्यंत धुतात. पाणी फार गढूळ असेल तर तुरटी फिरवून गाळ बसू द्यावा आणि वरचे पाणीच मडक्यात ओतावे, नाही तर वाळू लवकर तुंबते.

वाळू गाळ अडवते. ती सतत ओली राहिली तर तिच्या वरच्या भागात सूक्ष्मजीवांचा पातळ थर तयार होतो आणि तो रोगजंतूंची संख्या बरीच कमी करतो. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाचे डेव्हिड मान्झ यांनी १९९०च्या दशकात घरगुती वापरासाठी विकसित केलेले जैववाळू गाळणे याच तत्त्वावर चालते. त्यात वाळूवर सुमारे ५ सेंटिमीटर पाणी कायम राहील अशी नळी बसवलेली असते. छिद्रातून पूर्ण रिते होणाऱ्या मडक्यात हा थर नीट टिकत नाही. बांगलादेशात आर्सेनिकयुक्त पाण्यासाठी तीन कळशांचे गाळणे वापरात आले, त्यात वाळू-कोळशाबरोबर लोखंडाचा कीसही असतो. तेथीलच एका अभ्यासात (२००३) जुन्या साडीच्या किमान चार पदरी घडीतून पाणी गाळल्यावर पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटल्याचे आढळले. भारतात नारूच्या निर्मूलनातही पाणी कापडातून गाळण्याचा मोठा वाटा होता, कारण नारूच्या अळ्या वाहणारे सायक्लॉप्स कापडात अडकतात. २००० साली भारत नारूमुक्त घोषित झाला.

मडक्यांतून आलेले पाणी नितळ दिसते. ते निर्जंतुक असतेच असे नाही. ते उकळावे किंवा त्यात क्लोरिनचे द्रावण घालून अर्धा तास थांबावे. येथे एक चूक सर्रास होते. कोळसा क्लोरिन शोषून घेतो. म्हणून वरच्या मडक्यात क्लोरिन घातल्यास खाली येणाऱ्या पाण्यात ते उरत नाही आणि साठवणीत पुन्हा जंतू वाढू शकतात. क्लोरिन खालच्या मडक्यातच घालावे. ग्रामपंचायतीने विहिरीत टाकलेल्या टीसीएल पावडरीचा अंशही कोळशाच्या मडक्यात असाच नाहीसा होतो. खालच्या मडक्याला तोटी बसवावी. तोटी नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे वापरावे, तांब्या बुडवू नये.

पाण्यातील विरघळलेले क्षार आणि नायट्रेट वाळू-कोळशाने जात नाहीत.

== हिवरे बाजार व खडकातील पाणी ==
वाळूच्या मडक्यात जे घडते ते मोठ्या प्रमाणावर जमिनीतही घडते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे सुमारे ४०० मिलिमीटर पावसाचे, अवर्षणप्रवण गाव. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने आणि १९९०च्या दशकात आदर्श गाव योजनेच्या साहाय्याने तेथील डोंगरउतारांवर समतल चर खोदण्यात आले, झाडे लावण्यात आली. वाहून जाणारे पाणी मुरू लागले आणि विहिरींची पातळी वाढली. गावात दरवर्षी पाऊस व विहिरींची पातळी मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, माणसे व जनावरे यांच्या पिण्याच्या पाण्याला पहिला मान देतात. शेतीसाठी कूपनलिका आणि ऊस-केळी यांसारखी अधिक पाणी लागणारी पिके यांवर गावाने बंदी घातली. पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

घडवंचीच्या संदर्भात याचे महत्त्व असे, की विहीर तळाला गेली म्हणजे गाळाचेच पाणी शेंदावे लागते आणि मडक्यांचे गाळणे दोन दिवसांत तुंबते. तथापि मातीचा थर पाणी गाळत असला तरी त्याखालच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून वेगाने वाहते, आणि भेगा वाळूप्रमाणे जंतू अडवीत नाहीत. उकिरडा किंवा शोषखड्डा विहिरीजवळ असल्यास भरलेल्या विहिरीचे पाणीही दूषित होऊ शकते. या पाषाणातील पाणी अनेक ठिकाणी जडही असते. भांड्याला बसणारा पांढरा थर मडक्यांच्या गाळण्याने थांबत नाही.

== प्रवासात व उघड्यावर ==
ऊसतोडणीसाठी स्थलांतर करणारी कुटुंबे काही महिने कोपीत राहतात. तेथे भिंतीचा आधार नसतो. अशा ठिकाणी उंच घडवंचीपेक्षा जमिनीत खांब पुरून दोनच मडक्यांची मांडणी करणे सुरक्षित.

अमेरिकेसारख्या देशांत मोटारघरातून फिरणारे लोक मुक्कामाच्या नळाला रबरी नळी जोडून, काडतुसाच्या गाळणीतून पाणी गाडीत घेतात. गाळणी धुळीत पडू नये म्हणून ते प्लॅस्टिकच्या नळ्यांची किंवा लाकडाची घोडी घरीच करतात. तिचे गणित मडक्यांहून वेगळे आहे. एक मीटर उंचीच्या पाण्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहाव्या भागाइतकाच असतो. त्यामुळे काडतुसाला नळाचा किंवा पंपाचा दाब लागतो आणि घोडीची उंची वाढवून फारसे साधत नाही. तिची उंची ठरते ती निराळ्या कारणाने : गाळणीचा पेला खालच्या बाजूस फिरवून काढतात, म्हणून त्याच्याखाली तो पूर्ण उतरेल एवढी मोकळी जागा लागते. भरलेली नळी जड असते आणि तिच्या ओढीने घोडी आडवी होते. यासाठी नळीचा भार घोडीच्या पायाशी बांधून घेतात. पारदर्शक पेल्यात उन्हामुळे शेवाळ धरते, त्यावर कापडी खोळ घालतात.