नाक्यापल्याड गेलेलं वाक्य

टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यात आमच्या काशीमीऱ्यातल्या सोसायटीच्या फलकावर एक नोटीस लागली होती. विनाकारण खाली उतरल्यास ‘साथरोग प्रतिबंधक कायदा १८९७ व भा.दं.वि. कलम १८८’ अन्वये कारवाई. मी ते आधी १९९७ असं वाचलं. दुसऱ्यांदा वाचल्यावर वाटलं, टाईप करणाऱ्याची चूक. तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचलं आणि मग तो आकडा डोक्यातून जाईना. खाली घोडबंदरच्या वळणावर बॅरिकेड, हवालदार, औषधाच्या चिठ्ठ्या दाखवणारी रांग, आणि या सगळ्याला आधार काय, तर व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतला कायदा!

कायदा शोधून वाचला. मूळचा अवघ्या चार कलमांचा, एका पानात मावणारा. पहिलं कलम नावाचं, तिसरं शिक्षेचं, चौथं अधिकाऱ्यांना संरक्षण देणारं. सगळा जीव दुसऱ्या कलमात आणि तिथंही मुख्य ते एक लांबलचक वाक्य. त्या वाक्याचा सांगाडा असा: घातक साथ आली किंवा येण्याचा धोका असला, आणि चालू कायद्यातल्या नेहमीच्या तरतुदी अपुऱ्या आहेत असं सरकारला वाटलं, तर सरकारनं उपाय योजावेत, आणि जाहीर सूचना काढून जनतेनं, कोणा एका व्यक्तीनं किंवा एखाद्या वर्गानं पाळायचे तात्पुरते नियम घालून द्यावेत.

इथवर काही विशेष नाही. गंमत वर्षभरानं झाली. बोरिवलीला बहिणीच्या इमारतीत गळतीवरून भांडण पेटलं होतं, म्हणून मी मुंबई महापालिकेचा १८८८चा अधिनियम चाळत बसलो होतो. नळ, गटारं, जिने यांच्यातून वाट काढत कलम ४३४ वर आलो आणि थबकलो. शहरात घातक रोगाची साथ आली किंवा येण्याचा धोका असला, आणि या किंवा अन्य कायद्यातल्या नेहमीच्या तरतुदी अपुऱ्या आहेत असं आयुक्तांना वाटलं, तर त्यांनी विशेष उपाय योजावेत, आणि जाहीर सूचना काढून जनतेनं, व्यक्तीनं किंवा वर्गानं पाळायचे तात्पुरते नियम घालून द्यावेत. तेच वाक्य! त्याच क्रमानं! गळतीचं भांडण तिथंच राहिलं. (पुढं त्या लोकांनी आपसात मिटवलं. माझी गरज नव्हती.)

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की काशीमीऱ्याच्या नोटिशीतला १८९७चा कायदा हा मुंबईच्या कलम ४३४चा मुलगा आहे.

आता मूळ घराणं पाहू. १८८८चा अधिनियम केला मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळानं, म्हणजे आजच्या विधिमंडळाच्या पणज्यानं. निवडून आलेलं त्यात कोणी नव्हतं, सगळे गव्हर्नरनं नेमलेले. पण नेमलेल्यांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि फिरोजशहा मेहता होते, आणि शहराचा कारभार नगरसेवकांच्या हाती राहावा म्हणून ते दोघे झटले. मेहतांचा पुतळा आजही महापालिकेच्या दाराशी उभा आहे. अशा मंडळींच्या हाताखालून गेलेल्या पुस्तकात ४३४ सारखं आडदांड कलम कसं शिरलं, याचं मला आधी नवल वाटायचं. मग लक्षात आलं की त्याला दोन लगाम होते. आयुक्ताला सरकारची मंजुरी घ्यावी लागे, आणि जे केलं ते लगेच महापालिकेला कळवावं लागे.

पुढची हकिकत सर्वांना ठाऊक आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. आयुक्त स्नो यांनी ६ ऑक्टोबरला ४३४ चा आधार घेऊन जाहीरनामा काढला: घरात घुसू, रोगी हलवू. लोक बिथरले, गिरणी कामगारांनी ऑर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला, आणि महिना संपता संपता स्नोसाहेबांना जाहीरनामा सौम्य करावा लागला. म्हणजे जन्मल्यावर आठ वर्षांनी हे कलम पहिल्यांदा मोठ्या प्रसंगाला उभं राहिलं आणि पहिल्याच फेरीत धडपडलं.

तरीही ते पुढं गेलं, कारण माणसं पुढं गेली. मुंबई रिकामी होत होती. आगगाड्या भरभरून लोक गावाकडे चालले होते आणि ४३४ ची सत्ता शहराच्या हद्दीत संपत होती. ती हद्द तेव्हा माहीम-शीवपाशी होती. दहिसर तर राहोच, वांद्रंसुद्धा बाहेर. आमचा हा सगळा टापू, काशी, मिरे, भाईंदर, घोडबंदर, ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात. माहीमची खाडी ओलांडली की आयुक्ताचा कागद कोरा. प्लेगला मात्र हद्द नव्हती.

२८ जानेवारी १८९७ रोजी कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात जॉन वुडबर्न यांनी विधेयक मांडलं. ते निवड समितीकडे गेलं, समितीचा अहवाल आला आणि ४ फेब्रुवारीला कायदा मंजूरही झाला. सात दिवस! आपल्याकडे सोसायटीच्या रंगाचं कोटेशन मंजूर व्हायला याहून जास्त लागतात.

सात दिवसांत कायदा करायचा तर मसुदा लिहिणारा काय करेल? कपाटातलं जुनं पुस्तक काढेल. ‘आयुक्त’ खोडून ‘सरकार’ लिहील, ‘शहर’ खोडून ‘हिंदुस्थान किंवा त्याचा कोणताही भाग’ लिहील. मंजुरी देणारं सरकार आता स्वतःच नियम करणार, म्हणून मंजुरीचा लगाम आपोआप गळला. आणि महापालिकेला कळवायचं ते उपकलम नव्या कायद्यात उरलंच नाही. कायदेमंडळाला कळवा, असंही कुठं घातलं नाही. माझ्या मते या कुळकथेतली सगळ्यात महत्त्वाची घटना हीच, ते गळून पडलेलं छोटं उपकलम.

या मताला विरोध करणारे तीन पक्ष मला भेटले. पहिला पक्ष पुण्याचा. हा कायदा पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यासाठी केला, असं तिकडे सर्रास सांगतात. तारखा पाहिल्या की हे टिकत नाही. रँड पुण्यात आला तो फेब्रुवारीच्या मध्यावर, कायदा झाल्यानंतर. सोजिरांची घरझडती मार्चमधली, आणि त्याला लागलेली चाफेकरांची गोळी २२ जूनची. रँडनं कायदा वापरला, त्याला त्याचं काळं नाव मिळवून दिलं, पण कायदा त्याच्यासाठी शिवलेला नव्हता.

दुसरा पक्ष जास्त तगडा आहे. तो म्हणतो, मूळ व्हेनिसमध्ये शोधा. त्याच फेब्रुवारीत तिथं आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरत होती. मुंबईची जहाजं आणि हजचे यात्रेकरू अडवायला युरोप टपलेला होता, आणि आम्ही काहीतरी करतोय हे इंग्रजांना दाखवायचं होतं. शिवाय प्लेग राजधानीत, कलकत्त्यात शिरेल ही धास्ती. हे मी मान्य करतो, पण अर्धंच. व्हेनिसनं घाई कशाची होती ते सांगितलं. शब्द कुठून आले ते व्हेनिस सांगत नाही.

तिसरा पक्ष एका वकील मित्राचा. तो म्हणाला, ‘अरे, ही इंग्रजी कायद्याची ठरीव भाषा आहे. विलायतेत कॉलऱ्याच्या काळापासून असले अधिकार देतात. दोन मसुदे सारखे दिसले म्हणून बापलेक होत नाहीत.’ बरोबर. पण ‘नेहमीच्या तरतुदी अपुऱ्या वाटल्या तर’ ही अट, मग ‘उपाय’, मग ‘जाहीर सूचना’, मग ‘तात्पुरते नियम’, मग ‘जनता, व्यक्ती किंवा वर्ग’, ही पाच स्टेशनं त्याच क्रमानं घेणारी गाडी माझ्या मते एकाच डेपोतून सुटते. मित्राला हे पटलेलं नाही. तो दहिसरला राहतो.

थोडं विषयांतर करतो. ‘साथरोग’ या शब्दातली ‘साथ’ कुठली? तबल्याची साथ आणि तापाची साथ हे दोन वेगळे शब्द असावेत असं अनेकांना वाटतं. मला वाटतं, एकच. संस्कृत ‘सार्थ’ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा, त्यावरून सोबतीची ‘साथ’ आली हे भाषापंडित मान्य करतात. मराठीत दोन्ही साथी स्त्रीलिंगी, हा माझा पुरावा. हिंदीत ‘साथ’ पुल्लिंगी, आणि त्याला रोगाचा अर्थ नाही. कोणी म्हणेल, एकाच वेळी सगळ्यांना होतो म्हणून साथ. असेल. पण तांड्याबरोबर, वारीबरोबर, जत्रेबरोबर गावात येणारा ताप ज्यांनी पाहिला, त्यांनी ‘साथ आली’ असं म्हणताना तांडाच डोळ्यांपुढं आणला असेल, असं मला वाटत राहतं. आणि तांडा अडवायची जागा म्हणजे नाका.

नाक्यावरून पुन्हा घराकडे. मुंबईची हद्द वाढत वाढत १९५७ मध्ये दहिसरला येऊन थांबली, म्हणजे कलम ४३४ सुद्धा चालत चालत दहिसरला येऊन थांबलं. त्याच्या अलीकडे १९८५ मध्ये मिरा-भाईंदर नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महापालिका. ती १९४९च्या वेगळ्या अधिनियमावर चालते. त्यामुळं २०२०च्या उन्हाळ्यात दहिसर नाक्यावर अडकलेल्या गाडीच्या पुढच्या चाकाशी मूळ बाप होता आणि मागच्या चाकाशी त्याचा मुलगा. मुलाची सत्ता दोन्ही बाजूंना चालत होती, बाप मात्र नाका ओलांडू शकत नव्हता.

त्या मार्चमध्ये विधिमंडळाचं अर्थसंकल्पी अधिवेशन चालू होतं. १३ मार्चला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी सभागृहातच सांगितलं की मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपुरात साथरोग कायदा लागू होतोय. १४ मार्चला कोविडचे नियम निघाले, आणि त्याच दिवशी अधिवेशन ठरल्याआधी गुंडाळलं गेलं. आमदार गावी गेले, नियम मागं राहिले. पावसाळी अधिवेशन भरलं ते सप्टेंबरात, दोन दिवसांचं. मधले जवळजवळ सहा महिने राज्य बरंचसं त्या एका वाक्यावर चाललं. आमदारांना दोष देण्यात अर्थ नाही, गर्दी टाळायचीच होती. पण १८८८च्या कलमात होतं तसं ‘लगेच कळवा’ हे उपकलम १८९७च्या कायद्यात उतरलं असतं, तर कळवायला कोणीतरी बसलेलं असायला हवं होतं.

केंद्रानं २०२० मध्येच कायद्यात दुरुस्ती केली. डॉक्टर, नर्स यांच्यावर हात टाकणाऱ्याला गंभीर इजेच्या गुन्ह्यात सात वर्षांपर्यंत कैद ठेवली. दुसऱ्या कलमातलं ते राज्य सरकारचं वाक्य मात्र जागचं हललं नाही. भारतीय दंड संहिता १ जुलै २०२४ला गेली, तेव्हापासून नोटिशीतलं १८८ हे न्याय संहितेचं कलम २२३ झालं.

तुमच्या सोसायटीच्या फायलीत टाळेबंदीतली एखादी नोटीस अजून असेल, तर ती रद्दीत देऊ नका. तिच्यावर कुठल्या कायद्याचं नाव आहे ते पाहा. दहिसरच्या अलीकडची असो की पलीकडची, आणि त्यातही कोणी १८८८च्या ४३४ चं नाव घेतलेलं सापडलं, तर मला ती बघायची आहे. वकील मित्राला दाखवायला.