पाढे, पावकी आणि लीलावती

दिवेलागण झाली, हातपाय धुऊन झाले, की ओसरीवर मुलांचा परवचा सुरू होई. ही प्रथा श्रोत्यांपैकी वृद्धांना आठवत असेल. तीसपर्यंतचे पाढे झाले तरी सुटका नसे. त्यापुढे पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि अखेरीस साडेतीनपटीची औटकी.

आजच्या मुलाला हा छळ वाटेल. परंतु त्यामागे बाजाराचा हिशेब होता. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, मणाचे शेर चाळीस. सारा व्यवहार पाव, अर्धा आणि पाऊण यांवर चाले. सव्वा रुपया शेर भावाने सात शेरांचे किती, असे दुकानदाराने विचारावे आणि सवायकी मुखोद्गत असलेल्या पोराने पाटीला हात न लावता ‘पावणेनऊ’ म्हणून सांगावे! 1 एप्रिल 1957 रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पुढल्या वर्षापासून दशमान वजनेही येऊ लागली, आणि या अपूर्णांकी पाढ्यांचा आधारच गेला. औटकी हा शब्द आता कोशातच शोधावा लागतो. सव्वा, दीड, अडीच मात्र बोलण्यात टिकून आहेत.

पंतोजींच्या पद्धतीत एक मोठे वैगुण्य होते. पाढा ताल धरून म्हटला जाई, म्हणून तो लक्षात राही. पण मधेच ‘आठ सक किती?’ असे विचारले, तर मूल ‘आठ एके आठ’पासून आरंभ करी. शिडी पाठ, पायरी अनोळखी! त्यात छडीचे भय. भ्यालेले मूल आठवू शकते, पाहू शकत नाही.

वास्तविक गुणाकाराकडे पाहण्याची दृष्टी या भूमीत जुनीच आहे. भास्कराचार्यांनी 1150 साली रचलेल्या लीलावतीत 135 ला 12 ने गुणण्याचे उदाहरण येते. बाराचे आठ आणि चार असे खंड पाडा. 1080 आणि 540 मिळून 1620. किंवा बारा म्हणजे दहा आणि दोन. किंवा वीसपटीतून आठपट वजा करा. उत्तर एकच, वाटा अनेक. चाळीसगावजवळील पाटणे येथे आचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्याच ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. त्याला मिळालेल्या दानाचा 1207 सालचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडात आणला. तो वारसा ओसरीवरच्या परवच्यापर्यंत का पोहोचला नाही, हा प्रश्न कष्टी करणारा आहे.

लहान मुलाला लीलावती नको, मूठभर चिंचोके पुरेत. पाटीवर चार-चारांच्या तीन ओळी मांडाव्यात आणि पाटी आडवी फिरवावी. तीन-तीनांच्या चार ओळी होतात; चिंचोके बाराच. तीन चोक आणि चार त्रिक हे एकच, असे त्याला एकदा दिसले, की दहापर्यंतच्या शंभर गुणाकारांपैकी पंचावन्नच पाठ करावयाचे उरतात. नवाचा पाढा तर खाली खाली लिहूनच दाखवावा: 9, 18, 27, 36... दशक एकेकाने चढतो, एकक एकेकाने उतरतो आणि दोहोंची बेरीज नऊच राहते. ही गंमत मुलाने स्वतः शोधावी. शिक्षकाने घाईने सांगून टाकू नये.

परवचा टाकून द्यावा, असा याचा अर्थ नव्हे. ताल धरून म्हटलेले आयुष्यभर साथ देते. पण सात आठी विसरलेल्या मुलाला सात साती एकोणपन्नास आठवत असतील, तर त्यांत आणखी एक सात मिळवून तो छप्पन्नापर्यंत आपल्या पायांनी जाऊ शकतो. त्याला तेवढा वेळ मात्र द्यावा लागतो.