भाषासाहाय्य, आरोग्यसेवेतील (अमेरिका)

इंग्रजी पुरेशी न येणाऱ्या रुग्णाला आपला आजार सांगता यावा आणि उपचार समजावेत, यासाठी दुभाषी व भाषांतरित कागदपत्रे विनामूल्य पुरवण्याची व्यवस्था. अमेरिकेत पाच वर्षांवरील सुमारे अडीच कोटी लोकांचे इंग्रजी मर्यादित असल्याचे तेथील जनगणना विभागाच्या पाहण्यांतून दिसते.

या हक्काचे मूळ १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात आहे. संघराज्याचा निधी घेणाऱ्या संस्थांना मूळ राष्ट्रीयत्वावरून भेदभाव करण्यास त्याने मनाई केली. त्यात भाषेचा उल्लेख नव्हता. मात्र सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी विद्यार्थ्यांच्या खटल्यात (लाउ विरुद्ध निकल्स, १९७४) सर्वोच्च न्यायालयाने भाषेची अडचण दुर्लक्षिणे हाही असा भेदभाव ठरवला. मेडिकेअर, मेडिकेड या सरकारी आरोग्यविमा योजनांचा पैसा घेणारी रुग्णालये त्यामुळे या कायद्याच्या कक्षेत येतात. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यातील कलम १५५७ ने हे बंधन अधिक स्पष्ट केले. भाषासाहाय्याविषयीचा २००० सालचा अध्यक्षीय आदेश मार्च २०२५ मध्ये रद्द झाला. हे दोन्ही कायदे मात्र कायम राहिले.

दुभाषी प्रत्यक्ष, दूरध्वनीवरून किंवा व्हिडिओद्वारे काम करतो. काहीही न गाळता वा न जोडता बोलणे पोचवणे, तटस्थ राहणे आणि गोपनीयता पाळणे ही त्याची मुख्य पथ्ये. वैद्यकीय दुभाष्यांसाठी स्वतंत्र प्रमाणपत्र परीक्षाही आहेत. दोन्ही भाषा येणारा नातेवाईक हा दुभाष्याला पर्याय नव्हे : त्याला वैद्यकीय संज्ञा अनेकदा ठाऊक नसतात आणि रुग्ण त्याच्यासमोर खाजगी गोष्टी बोलतोच असे नाही. आणीबाणी वगळता मुलांकडून हे काम करून घेण्यास नियमांनी मनाई आहे.

एका शब्दाने काय होते, हे १९८० मधील फ्लोरिडातील घटनेने दाखवले. अठरा वर्षांच्या तरुणाला काहीतरी बाधले आहे, या अर्थाने कुटुंबीयांनी ‘इन्तोक्सिकादो’ हा स्पॅनिश शब्द वापरला. डॉक्टरांनी त्याचा अर्थ अमली पदार्थांचे अतिसेवन असा घेतला. प्रत्यक्षात त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. उपचारांना उशीर होऊन त्याचे दोन्ही हात व दोन्ही पाय लुळे पडले. पुढे दाव्यात सुमारे ७.१ कोटी डॉलरांची तडजोड झाली.

अडचण मुख्यतः खर्चाची. मेडिकेडमधून दुभाष्याचा मोबदला काही राज्येच देतात. इतरत्र तो रुग्णालयांवर किंवा डॉक्टरांवर पडतो. यंत्रानुवाद स्वस्त असला, तरी २०२४ च्या नियमांनुसार महत्त्वाचा मजकूर पात्र भाषांतरकाराने तपासणे आवश्यक आहे.