चावी कोणाच्या हाती? पेबल घड्याळाचा अस्त आणि त्याचे ग्राहक

कॅलिफोर्नियातील रेडवुड सिटी येथे कार्यालय असलेल्या पेबल या छोट्या घड्याळ-कंपनीने ७ डिसेंबर २०१६ रोजी आपला व्यवसाय थांबवत असल्याचे जाहीर केले, तेव्हा तिची २० लाखांहून अधिक घड्याळे जगभर विकली गेलेली होती आणि हजारो ग्राहक पैसे आगाऊ भरून नव्या घड्याळाची वाट पाहत होते. स्मार्टवॉच, म्हणजे खिशातील मोबाइलशी बिनतारी जोडले जाऊन त्यावरील संदेश, कॉल आणि इतर माहिती मनगटावर दाखवणारे घड्याळ, या वस्तूचा इतिहास अजून लहान आहे, आणि त्यात पेबलच्या आधी व नंतरही अनेक कंपन्या आल्या आणि गेल्या. तरीही पेबलच्या अस्ताला या इतिहासात वेगळे स्थान द्यावे लागते, कारण ज्या ग्राहकांच्या पैशावर ही कंपनी उभी राहिली, त्यांच्यापैकीच काहींनी ती बुडाल्यावर तिचे काम आपल्या अंगावर घेतले.

हे काम का घ्यावे लागले, हे समजण्यासाठी घड्याळाच्या जुन्या स्वरूपाकडे पाहिले पाहिजे. चावीचे घड्याळ एकदा दुकानाबाहेर पडले की त्याला कारखान्याची गरज उरत नसे. रोज चावी देणारा मालक आणि गावातला घड्याळजी, एवढ्या दोन माणसांवर ते दोन-दोन पिढ्या चाले. जपानच्या सेको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी बाजारात आणलेल्या क्वार्ट्झ घड्याळाने चावीची जागा बॅटरीला दिली, पण ही स्वायत्तता मोडली नाही. भारतीय वाचकाला याचा पुरावा घरातच सापडतो. एचएमटी कंपनीचा घड्याळ-व्यवसाय बंद करण्यास केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये, म्हणजे पेबल बुडाले त्याच वर्षी, मंजुरी दिली, परंतु १९६१ पासून बंगळूरमध्ये बनलेल्या तिच्या घड्याळांपैकी ‘जनता’सारखी चावीची घड्याळे आजही चालतात, दुरुस्त होतात आणि आवडीने विकत घेतली जातात. कारखान्याला टाळे लागल्याने त्यांचा एक सेकंदही मागेपुढे झाला नाही.

स्मार्टवॉचने ही स्थिती बदलली, आणि हा बदल पेबलपूर्वीच सुरू झाला होता. मायक्रोसॉफ्टच्या पुढाकाराने २००४ मध्ये अमेरिकेत आलेली ‘स्पॉट’ घड्याळे एफएम रेडिओच्या लहरींवरून बातम्या, हवामान आणि शेअरचे भाव मिळवत असत. ती सेवा १ जानेवारी २०१२ पासून बंद झाली आणि ती घड्याळे केवळ वेळ दाखवण्यापुरती उरली. घड्याळाचे यंत्र शाबूत असताना त्याचे काम मात्र संपावे, ही गोष्ट तोपर्यंत घड्याळाच्या मालकाला ठाऊक नव्हती.

पेबलचा संस्थापक एरिक मिगिकोव्स्की हा मूळचा कॅनडातील व्हँकूवरचा. वॉटर्लू विद्यापीठात अभियांत्रिकी शिकत असताना तो २००८ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे काही काळ राहिला, आणि सायकल चालवताना खिशातील फोन बाहेर न काढता संदेश दिसावा, या साध्या गरजेतून त्याला मनगटी पडद्याची कल्पना सुचली. ब्लॅकबेरी फोनबरोबर चालणारे ‘इनपल्स’ हे त्याचे पहिले घड्याळ फारसे चालले नाही. वाय कॉम्बिनेटर या नवउद्योगांना आधार देणाऱ्या संस्थेत प्रवेश मिळूनही पुढील घड्याळासाठी पुरेसे भांडवल मिळेना, तेव्हा त्याने लोकांकडेच जायचे ठरवले.

११ एप्रिल २०१२ रोजी किकस्टार्टर या संकेतस्थळावर पेबलची वर्गणी सुरू झाली. मराठी प्रकाशनव्यवसायात पुस्तक छापण्याआधीच वाचकांकडून सवलतीच्या किमतीत पैसे घेऊन मागणी नोंदवण्याची जी प्रकाशनपूर्व नोंदणीची पद्धत आहे, तिच्याशी ही लोकवर्गणी पुष्कळशी मिळतीजुळती आहे: वस्तू अजून अस्तित्वात नसते, तिचे वर्णन आणि करणाऱ्याचा शब्द एवढ्यावर पैसे दिले जातात. उद्दिष्ट १ लाख डॉलरचे होते; ते दोन तासांत पूर्ण झाले, आणि महिनाभराने, १८ मे रोजी, वर्गणी बंद झाली तेव्हा ६८,९२९ लोकांनी मिळून १ कोटी २ लाख ६६ हजार ८४५ डॉलर दिलेले होते. सप्टेंबर २०१२ मध्ये द्यायची घड्याळे प्रत्यक्षात जानेवारी २०१३ पासून रवाना होऊ लागली. याच सप्टेंबरात किकस्टार्टरने आपण दुकान नसल्याचे एका जाहीर निवेदनात स्पष्ट केले होते. हा खुलासा त्या वेळी पुष्कळांना तांत्रिक वाटला असेल, पण वर्गणीदार म्हणजे खरेदीदार नव्हे, आणि त्याने दिलेले पैसे म्हणजे किंमत नव्हे, हा त्यातील भेद चार वर्षांनी अनेकांना प्रत्यक्ष अनुभवावा लागला.

घड्याळ दिसायला साधे, प्लॅस्टिकचे होते. कंपनी त्याच्या पडद्याला ‘ई-पेपर’ म्हणत असे. तो वस्तुतः शार्प कंपनीचा एक विशेष प्रकारचा एलसीडी पडदा होता, ज्यावर चित्र टिकवून ठेवायला फार थोडी वीज लागे आणि जो भर उन्हात अधिकच स्पष्ट दिसे. १४४ गुणिले १६८ ठिपक्यांच्या त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनात फार काही मावत नव्हते, पण बॅटरी आठवडाभर पुरत असे, पोहताना घड्याळ काढावे लागत नसे, आणि बाजूची बटणे न पाहता दाबता येत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कंपनीने घड्याळासाठी कार्यक्रम लिहिण्याची साधने सर्वांना मोफत दिली. त्यामुळे हौशी लोकांनी हजारोंच्या संख्येने तबकड्या, म्हणजे वेळ दाखवण्याच्या निरनिराळ्या रचना, आणि छोटी ॲप तयार केली. विकत घेतलेल्या वस्तूत स्वतःच्या हाताचे काहीतरी मिसळल्याची भावना या ग्राहकांत होती, आणि पुढे जे घडले त्याचे मूळ बॅटरीपेक्षा किंवा पडद्यापेक्षा या भावनेत अधिक आहे, असे म्हणावे लागते.

२०१४ च्या अखेरीस दहा लाखावे घड्याळ रवाना झाले. पण त्याच वर्षी सप्टेंबरात ॲपलने आपल्या घड्याळाची घोषणा केली होती आणि २४ एप्रिल २०१५ रोजी ते विक्रीस आले. पेबलने फेब्रुवारी २०१५ मध्ये ‘पेबल टाइम’ या रंगीत घड्याळासाठी पुन्हा वर्गणी मागितली, तेव्हा पहिले १० लाख डॉलर ४९ मिनिटांत जमले आणि अखेरचा आकडा २ कोटी ३ लाख ३८ हजार ९८६ डॉलरवर गेला. हा आकडा विजयासारखा दिसत असला तरी नीट पाहिल्यास तो इशारा होता: वर्गणीदार ७८,४७१ होते, म्हणजे तीन वर्षांपूर्वीपेक्षा फार तर दहा हजारांनी अधिक. जुना वर्ग निष्ठावान होता, त्याबाहेरचे गिऱ्हाईक मात्र दुकानात जाऊन वेगळीच घड्याळे घेत होते. मार्च २०१६ मध्ये कंपनीने ४० जणांना, म्हणजे सुमारे चतुर्थांश कर्मचाऱ्यांना, कमी केले. मिगिकोव्स्कीने २०२२ मध्ये लिहिलेल्या आपल्या आत्मपरीक्षणात या काळाबद्दल स्पष्ट कबुली दिली आहे, की विक्रीचे अंदाज चुकले आणि आरोग्य व व्यायामाच्या बाजारामागे जाताना घड्याळ नेमके कोणासाठी आहे याचे भान सुटले. मे २०१६ मध्ये ‘पेबल २’, ‘टाइम २’ आणि धावपटूंसाठीचे ‘कोअर’ हे यंत्र यांसाठी तिसरी वर्गणी झाली. सुमारे १ कोटी २८ लाख डॉलर जमले, पण कंपनी वाचली नाही.

व्यायाम मोजणारी पट्टे-घड्याळे बनवणाऱ्या फिटबिट कंपनीने पेबलची सॉफ्टवेअर-संपदा आणि बौद्धिक हक्क २ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतले व तिच्या बऱ्याच अभियंत्यांना नोकरी दिली. घड्याळे, त्यांची हमी आणि ग्राहकांना दिलेली वचने मात्र या व्यवहारात आली नाहीत. अशा खरेदीत संपूर्ण कंपनी न घेता तिच्या कामाच्या गोष्टी तेवढ्या उचलल्या जातात, आणि ग्राहक हा बहुधा कामाच्या गोष्टींत मोडत नाही. ‘पेबल २’ काहींना मिळाले होते; ज्यांना मिळाले नाही त्यांना, तसेच ‘टाइम २’ आणि ‘कोअर’च्या सर्व वर्गणीदारांना, पैसे परत करण्याचे जाहीर झाले. ज्याच्या हातात घड्याळ येऊन महिनाही झाला नव्हता, त्याचीही हमी त्या एका निवेदनाने संपुष्टात आली.

ग्राहकांचा संताप समजण्याजोगा होता, आणि त्याला एकच कारण नव्हते. परतावा कधी मिळणार, ही चिंता होती. फिटबिटने आपले घड्याळ मारले, असा राग होता. आणि ‘टाइम २’ न मिळाल्याचे दुःख पैसे परत मिळूनही अनेकांच्या मनातून गेले नाही, कारण वर्गणीदाराने रक्कम देताना त्या वस्तूची कल्पना आधीच आपलीशी केलेली असते. मात्र या सर्वांखाली एक अधिक खोल भीती होती. मोबाइलवरचे पेबलचे ॲप हवामान, नव्या तबकड्या आणि घड्याळात बोललेल्या शब्दांचे अक्षरांत रूपांतर या गोष्टींसाठी कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे दूर ठिकाणी सतत चालू असलेल्या संगणकांवर, विसंबून होते. कंपनीने पुढे सेवेचा दर्जा घटू शकेल असे सांगितले होते. चावी आपल्या हातात नाही, हे मालकांना त्या दिवशी प्रथम कळले.

त्याच महिन्यात दुसरीकडे काय घडत होते, हे पाहिले म्हणजे ही भीती निराधार नव्हती हे पटते. इंटेलने २०१४ मध्ये विकत घेतलेल्या ‘बेसिस’ या कंपनीची ‘पीक’ घड्याळे अति तापत असल्याने ऑगस्ट २०१६ मध्ये परत मागवली गेली, आणि ३१ डिसेंबर २०१६ रोजी तिची सेवाही बंद झाली. ज्यांनी घड्याळ परत केले नव्हते त्यांच्या हातात निरुपयोगी वस्तू उरली. पेबलची गत तशी झाली नाही, याचे काही श्रेय तिच्याच अभियंत्यांना आहे. एप्रिल २०१७ मध्ये फोनवरील ॲपची जी आवृत्ती निघाली, तिच्यात कंपनीच्या सर्व्हरवर नाव न नोंदवताही घड्याळ वापरण्याची सोय करून ठेवलेली होती. बुडत्या संस्थेतील कामगारांनी ग्राहकासाठी दार उघडे ठेवून जावे, ही या सबंध इतिहासातील सर्वांत सहृदय कृती आहे, आणि तिची नोंद फारच थोड्या ठिकाणी होते.

त्या दारातून ‘रेबल’ आत आले. डिसेंबर २०१६ मध्येच पेबलसाठी ॲप लिहिणारे हौशी लोक आणि कंपनीतील काही माजी कर्मचारी यांनी हा गट उभा केला. ॲप-भांडारातील तबकड्या आणि कार्यक्रम त्यांनी उतरवून जतन केले, आणि कंपनीचे सर्व्हर जी कामे करत ती करणारा पर्यायी सर्व्हर नव्याने लिहिला. फिटबिटने जानेवारी २०१८ मध्ये सेवेची मुदत सहा महिन्यांनी वाढवली आणि पेबलच्या ग्राहकांना आपले नवे घड्याळ ५० डॉलरच्या सवलतीत देऊ केले. ३० जून २०१८ रोजी मूळ सर्व्हर बंद झाले, आणि फोनवरील एका सेटिंगमध्ये पत्ता बदलून ज्यांनी रेबलकडे मोर्चा वळवला होता, त्यांची घड्याळे पूर्ववत चालत राहिली. हवामान आणि श्रुतलेखन या दोन सेवा बाहेरून विकत घ्याव्या लागत असल्याने त्यांच्यासाठी महिना ३ डॉलर घेतले जात. बाकी सर्व मोफत होते. ही दुसरी वर्गणी पहिलीपेक्षा रकमेने अगदी लहान, पण अर्थाने वेगळी होती: ती न झालेल्या वस्तूच्या आशेने दिलेली नव्हती, तर हातातील वस्तू जिवंत ठेवण्यासाठी दिली जात होती. अँड्रॉइड फोनवर तर कोणत्याही सर्व्हरशिवाय पेबल चालवणारे ‘गॅजेटब्रिज’ हे मुक्त सॉफ्टवेअर कंपनी बुडण्यापूर्वीपासूनच उपलब्ध होते.

सॉफ्टवेअर टिकले तरी यंत्र झिजतच असते. जुन्या पेबलच्या पडद्याची आतील जोडणी सैल होऊन चित्र फाटल्यासारखे दिसू लागे, ‘पेबल २’ची रबरी बटणे काही वर्षांत तडकून विरघळल्यासारखी होत, आणि बॅटऱ्या दमत. वापरकर्त्यांनी बटणांचे नवे भाग त्रिमितीय छपाईने घरी तयार केले, घड्याळे उघडून बॅटऱ्या बदलल्या, आणि या दुरुस्तीच्या रीती एकमेकांना शिकवल्या. गावातला घड्याळजी या रूपाने परत आला.

पुढे गूगलने फिटबिट २१० कोटी डॉलरला घेण्याचा करार केला, तो व्यवहार जानेवारी २०२१ मध्ये पूर्ण झाला आणि पेबलचे सॉफ्टवेअर न मागता गूगलकडे गेले. २७ जानेवारी २०२५ रोजी गूगलने त्या घड्याळाची कार्यप्रणाली खुली केली, म्हणजे तिची मूळ संहिता कोणीही वाचावी, बदलावी आणि वापरावी अशा परवान्याखाली प्रसिद्ध केली. ब्लूटूथसारखे इतरांच्या मालकीचे काही भाग त्यातून वगळलेले होते, ते नव्याने भरावे लागले. मिगिकोव्स्कीने त्याच प्रणालीवर नवी घड्याळे जाहीर केली आणि काही महिन्यांत पेबल हे नावही परत मिळवले, त्यामुळे २०१६ मध्ये रद्द झालेले ‘टाइम २’ हे नाव नऊ वर्षांनी पुन्हा एका घड्याळाला लागले. (भारतात पेबल याच नावाने स्मार्टवॉच विकणारी कंपनी वेगळी आहे; तिचा या इतिहासाशी संबंध नाही.)

या पुनर्जन्माबरोबर एक वादही जन्मला. नोव्हेंबर २०२५ मध्ये रेबल आणि मिगिकोव्स्कीची नवी कंपनी यांच्यातील मतभेद जाहीर झाले: ॲप-भांडाराचा जो संग्रह रेबलने वर्षानुवर्षे जपला, त्याच्यावर अधिकार कोणाचा, हा त्याचा विषय होता. संग्रह टिकवण्यासाठी झालेले श्रम आणि खर्च आपले आहेत, हे रेबलचे म्हणणे होते. त्यातील तबकड्या आणि कार्यक्रम मुळात ते लिहिणाऱ्या व्यक्तींचे आहेत आणि ते कोणा एकाच्या ताब्यात राहू नयेत, ही दुसरी बाजू होती. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. ज्या हौशी लोकांनी २०१३ पासून त्या लहानशा चौकोनासाठी रात्री जागून तबकड्या रेखाटल्या, त्यांच्यापैकी अनेकांनी पेबल केव्हाच काढून ठेवले असेल, पण त्यांनी काढलेले काटे आणि आकडे इतरांच्या मनगटांवर अजून वेळ दाखवत आहेत.